प्रश्न संहितेतून, उत्तर तालमीत

भूमिका मिळाल्याचे कळले की बहुतेक नट पहिल्याच आठवड्यात संहितेपासून दूर जातात. कोणी त्या पात्राचे जन्मापासूनचे चरित्र वहीत लिहायला घेतो, कोणी जुन्या प्रयोगाचे चित्रीकरण शोधून पुन्हा पुन्हा पाहतो, कोणी 'तसा माणूस' गाठण्यासाठी वस्तीत, इस्पितळात, कोर्टात फिरू लागतो. हे कष्ट प्रामाणिक असतात. तरीही तालीम रंगात आली असताना दिग्दर्शक विचारतो, "या वाक्याला तू दाराकडे का जातोस?" आणि भरगच्च वहीत त्याचे उत्तर सापडत नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी, एकांकिकेसाठी किंवा व्यावसायिक रंगभूमीवरच्या पहिल्या मोठ्या कामासाठी उभ्या राहणाऱ्या नटांना मला या लेखातून एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. भूमिकेचा अभ्यास संहितेने विचारलेल्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा आणि त्या अभ्यासाने रंगमंचावरची निदान एक तरी कृती बदलायला हवी. ज्या माहितीने तुमचे चालणे, थांबणे, बघणे, ऐकणे यांपैकी काहीच बदलत नाही, ती माहिती कितीही खरी असली तरी भूमिकेच्या कामाची नाही.

उदाहरणासाठी लीला बेणारे घेऊ. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन' या नाट्यसंस्थेने १९६७ च्या डिसेंबरात रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे होत्या. मुंबईहून एका गावी प्रयोगासाठी आलेली हौशी नाटकमंडळी मोकळा वेळ आहे म्हणून, आणि गावातल्या सामंतला अभिरूप न्यायालय कसे चालते ते कळावे म्हणून, एक लुटुपुटीचा खटला उभा करतात. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. बघता बघता खेळ खरा होतो आणि तिच्या खासगी आयुष्याची चिरफाड सुरू होते. ही भूमिका मी मुद्दाम निवडली, कारण तिच्याविषयीची बहुतेक माहिती प्रेक्षकांना दुसऱ्यांच्या तोंडून कळते. अभ्यासाची वाट चुकण्याचा धोका अशा भूमिकेत सर्वांत मोठा असतो.

संहितेचे पहिले काम पाठांतराचे नसते, वर्गवारीचे असते. वहीत चार वेगळी पाने करावीत. एका पानावर पात्र स्वतःविषयी जे बोलते ते, दुसऱ्यावर ते प्रत्यक्ष रंगमंचावर जे करते ते, तिसऱ्यावर इतर लोक त्याच्याविषयी जे बोलतात ते, आणि चौथ्यावर त्याला विचारले गेलेले पण त्याने उत्तर न दिलेले प्रश्न. बेणारेच्या बाबतीत तिसरे पान भराभर भरते. नाटकमंडळींतला पोंक्षे साक्ष देतो, कर्णिक देतो, बाळू रोकडे देतो, सौ. काशीकर देतात. यातल्या प्रत्येकाला ती साक्ष देण्यात स्वतःचे काहीतरी मिळवायचे किंवा लपवायचे आहे. सामंत तर वाचत असलेल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो आणि तोही बेणारेला नेमका झोंबतो. आता ज्या अभिनेत्रीने या साक्षी जोडून बेणारेचे 'चरित्र' लिहिले, तिने नकळत आरोप करणाऱ्यांची बाजू मान्य केली. मग तिची बेणारे पहिल्या प्रवेशापासून अपराधी, लपवाछपवी करणारी, डोळ्यांत पाणी असलेली दिसू लागते. संहितेतली बेणारे मात्र पहिल्या प्रवेशात बडबडते, गाणी म्हणते, इतरांच्या नकला करते, शाळेतल्या मुलांविषयी भरभरून बोलते. दुसरे पान प्रामाणिकपणे भरले असते तर ही चूक झाली नसती. पात्र जे करते ते पक्के धरावे आणि त्याच्याविषयी जे बोलले जाते ते साक्ष म्हणून तपासावे, हा नियम मी कोणत्याही नाटकासाठी आधी सांगेन.

चौथे पान सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच बहुतेकांचे कोरे राहते. खटला जसजसा तापतो तसतशी बेणारे बोलणे सोडते. तिसऱ्या अंकाच्या मोठ्या भागात तिच्याकडे वाक्य नाही. प्रेक्षकांच्या आठवणीत शेवटचे स्वगत राहते म्हणून अभिनेत्री तयारीही तिथूनच सुरू करतात. पण ते स्वगत नंतर लिहिले गेले, आणि न्यायाधीश तिला बोलण्यासाठी दहा सेकंद देतो त्या थांबलेल्या वेळात ते घडते. इतरांना ते ऐकू येतच नाही. याचा अर्थ नाटकाच्या जगात ती गप्पच राहिली आहे. म्हणून अभ्यासाचा पहिला खरा प्रश्न असा येतो: प्रत्येक साक्षीच्या वेळी तिला नेमके काय माहीत आहे? पोंक्षे साक्षीला उभा राहतो तेव्हा तो काय सांगू शकतो याची तिला कल्पना आहे का? तो कुठवर जाईल असे तिला वाटते? कोणत्या वाक्याला तिची ती आशा संपते? या प्रश्नांची उत्तरे संहितेत आहेत. ती वाक्यावाक्याने शोधून बसवली की मौन म्हणजे खाली मान घालून बसणे राहत नाही. तिथे ऐकणे सुरू होते, आणि ऐकणाऱ्या नटाकडे प्रेक्षक बोलणाऱ्यापेक्षा जास्त वेळ पाहतात.

एवढे झाल्यावर संहितेतच न सुटणारे प्रश्न उरतात. बाहेर जायचे ते त्यांच्यासाठी. बेणारे अविवाहित आहे, शिक्षिका आहे, गरोदर आहे, आणि प्रा. दामले या विवाहित गृहस्थाने तिला वाऱ्यावर सोडले आहे. तिच्यापुढे कोणते मार्ग होते? आजची पंचविशीतली अभिनेत्री याचे उत्तर आजच्या काळातून देते आणि तिथेच चकते. वैद्यकीय गर्भपाताला मर्यादित मान्यता देणारा कायदा आपल्याकडे १९७१ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी शांतिलाल शहा समिती १९६४ मध्ये नेमली गेली होती, म्हणजे विषय हवेत होता. पण नाटक रंगमंचावर आले तेव्हा भारतीय दंड संहितेचे ३१२ वे कलम लागू होते. स्त्रीचा जीव वाचवण्याचा हेतू सोडला तर गर्भपात करणे हा गुन्हा होता, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीदेखील त्या गुन्ह्यात येत होती. मूल ठेवायचे तर नोकरी आणि अब्रू दोन्ही जाणार. राहता राहिला एक मार्ग: पोटातल्या मुलाला बापाचे नाव देऊ शकेल अशा कोणाशी तरी लग्न. पोंक्षे आणि रोकडे यांच्या साक्षींतून नेमके हेच बाहेर येते, की तिने त्यांना लग्नाविषयी विचारले होते. कायद्याची ही माहिती नसेल तर ती विचारणा प्रेक्षकाला उथळ वाटते आणि अभिनेत्रीलाही तिचे वजन समजत नाही.

आता या माहितीचे रंगमंचावर काय होते ते पाहा. बेणारेने लग्नाविषयी विचारले ते नाटक सुरू होण्याआधी. म्हणजे पहिल्या अंकात पोंक्षे आणि रोकडे हॉलमध्ये येतात तेव्हा ती अशा दोन माणसांना भेटते आहे ज्यांनी तिला नाकारले आहे आणि ज्यांना तिचे गुपित ठाऊक आहे. तिची त्यांच्याशी चाललेली थट्टा आता निव्वळ खेळकर उरत नाही. ते बोलतील का, हे ती थट्टा करता करता अजमावते आहे. हॉलमधल्या लोकांत फक्त सामंत तिला ओळखत नाही आणि त्याच्याशीच ती सगळ्यांत मोकळी वागते. तेव्हा सामंतच्या किती जवळ उभे राहायचे, पोंक्षे आत येताच वाक्य कुठे तुटायचे, रोकडेकडे पाठ करून बोलायचे की समोरून, हे निर्णय कायद्याच्या पुस्तकातल्या एका तारखेने घेतले. अभ्यासाने कृती बदलणे म्हणजे हे. ती तारीख प्रेक्षकाला सांगायची नाही, चेहऱ्यावर दाखवायची तर मुळीच नाही.

टिक-ट्वेंटीचेही तसेच. पोंक्षेच्या साक्षीत तिच्या पर्समधल्या या बाटलीचा उल्लेख येतो. त्या काळच्या प्रेक्षकाला नाव ऐकताच पुढचे सगळे कळत होते, कारण ढेकूण मारण्याचे हे औषध आत्महत्येच्या बातम्यांतून घराघरांत माहीत झाले होते. आजच्या अभिनेत्रीला ते शोधून काढावे लागते. शोधल्यावर तिच्या हातातली पर्स बदलते. ज्या पर्समध्ये विष आहे ती बाई कुठे ठेवेल? टेबलावर सहज टाकेल, की खांद्यावरून काढणारच नाही? कोणी पर्सला हात लावला तर काय करेल? प्रॉपर्टी म्हणून शेवटच्या आठवड्यात कोणाच्या तरी घरून आणलेली पर्स आणि पहिल्या तालमीपासून वजनासकट हाताळलेली पर्स यांतला फरक शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळतो. दाराच्या कडीची गोष्ट अशीच आहे. नाटकाच्या सुरुवातीला त्या कडीची खोड सांगितली जाते आणि पुढे बेणारे निघून जायला धावते तेव्हा दार बाहेरून लागलेले असते. म्हणून सुरुवातीची ती वाक्ये किरकोळ समजून उरकणाऱ्या अभिनेत्रीने पुढच्या धावण्याची ताकद आधीच घालवलेली असते. नेपथ्य उभे राहण्याआधीच त्या काल्पनिक दाराची उंची, कडीची बाजू आणि ती लावायला लागणारा जोर पक्का करून घ्यावा.

इथे एक आक्षेप हमखास येतो: जे जगलोच नाही ते अभ्यासाने येईल का? सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. वर्गापुढे उभे राहणाऱ्या बाईचा आवाज, पायांवरचा ताण, मुलांकडे एकाच वेळी सगळीकडे पाहणारी नजर त्यांना कुठे शोधायला जावे लागणार नव्हते. पण भूमिकेचा तो एक पदर झाला. बेणारेच्या वाट्याला आलेले बाकीचे काही त्या नोकरीतून मिळणारे नव्हते. स्वतःचे आयुष्य भूमिकेच्या एखाद्या भागाला पुरते आणि उरलेल्या भागाला अपुरे पडते, ही प्रत्येक नटाची परिस्थिती आहे. तेव्हा आधी आपल्याकडे काय आहे याचा हिशेब करावा आणि बाहेर जायचे ते जे नाही त्यासाठी. शिक्षिकेची मुलगी असलेल्या अभिनेत्रीने शाळेत आठवडा घालवण्यापेक्षा १९६० च्या दशकातल्या मुंबईतल्या एकट्या नोकरदार बाईचे राहणे, भाडे, शेजार आणि चाळीतली नजर यांची चौकशी केलेली बरी.

निरीक्षण कुठे आणि कसे करावे हेही संहितेवरच अवलंबून आहे. नाट्यशास्त्राने लोक म्हणजे प्रत्यक्ष लोकव्यवहार हे नाट्याचे प्रमाण मानले आहे. त्याच ग्रंथात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे भेदही केले आहेत, म्हणजे लोकांमध्ये पाहिलेले जसेच्या तसे रंगमंचावर ठेवायचे असे त्यात अभिप्रेत नाही. बेणारेच्या खटल्यात वकील होणाऱ्या सुखात्मेची भूमिका करणाऱ्या नटाने जिल्हा न्यायालयात जाऊन बसावे. आपल्याकडची न्यायालये सर्वसाधारणपणे सर्वांना खुली असतात, त्यासाठी ओळख काढावी लागत नाही. पण 'वकील कसे बोलतात' हा प्रश्न घेऊन गेलात तर काळा कोट आणि दोन ठरावीक हातवारे घेऊन परत याल. सुखात्मे हा न चालणारा वकील आहे. म्हणून प्रश्न असा हवा: ज्याला काम मिळत नाही तो वकील दिवसभर कोर्टाच्या आवारात काय करतो? कुठे बसतो, कोणाशी बोलतो, फाइल कशी धरतो? अशा माणसाला लुटुपुटीच्या खटल्यात का होईना, एकदा जिंकायला मिळाले की त्याच्या आवाजाला किती धार येईल हे त्या निरीक्षणातून सुचते. आणि दुसऱ्या अंकातली त्याची क्रूरता कुठून येते हे कळल्यावर त्याला खलनायक करून दाखवण्याची गरज उरत नाही.

माणसांकडे जाताना एक मर्यादा पाळावी, आणि ती मला अभिनयाच्या तंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. गर्भपात, अत्याचार, आत्महत्येचा प्रयत्न यांतून गेलेल्या व्यक्तीकडे नटाने साहित्य गोळा करायला जाऊ नये. तिची जखम आपल्या स्वगतासाठी उघडायला सांगण्याचा हक्क कोणत्याही नाटकाने आपल्याला दिलेला नाही. अशा ठिकाणी समुपदेशक, डॉक्टर, वकील यांच्याशी बोलावे, प्रसिद्ध झालेली आत्मकथने वाचावीत. एखादी व्यक्ती स्वतःहून बोलली तर ऐकावे, पण तिची ओळखीची लकब रंगमंचावर आणू नये.

अभ्यास केव्हा भूमिकेला तारतो आणि केव्हा बुडवतो याचा सर्वांत बोलका पुरावा मॉस्को आर्ट थिएटरच्या इतिहासात सापडतो. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या या नाट्यसंस्थेने १९०२ मध्ये मॅक्झिम गॉर्कीचे 'तळघर' हे नाटक करायला घेतले. निराधार, दारुडे, चोर, भटके यांच्या निवाऱ्यात घडणारे हे नाटक. दिग्दर्शक स्तानिस्लावस्की आणि त्यांचे सहकारी मॉस्कोच्या खित्रोव बाजारातल्या अशाच निवाऱ्यांत गेले, तिथल्या लोकांबरोबर बसले. त्या भेटीने नाटकाचा आतला अर्थ हाती लागला असे स्तानिस्लावस्कींनी पुढे आत्मचरित्रात लिहिले, आणि प्रयोग अतिशय यशस्वी झाला. पुढच्याच वर्षी त्याच संस्थेने शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' केले. त्यासाठी दिग्दर्शक नेमिरोविच-दान्चेन्को आणि नेपथ्यकार सिमोव थेट रोमला जाऊन आले. रस्ते, पोशाख, शस्त्रे, गर्दी यांचा बारकाईने अभ्यास झाला. गर्दीचे प्रवेश आणि रोमचे दृश्य लोकांना भावले, पण ब्रूटसच्या भूमिकेत स्वतः स्तानिस्लावस्की फिके पडले आणि ते अपयश त्यांच्या मनाला लागले. संस्था तीच होती, माणसे तीच होती, मेहनत दुसऱ्या वेळी कदाचित जास्तच होती. माझ्या मते फरक प्रश्नात होता. खित्रोव बाजारात ते 'या माणसांना अजून काय हवे आहे' हे शोधत होते. रोममध्ये 'तेव्हा कसे दिसत होते' हे शोधले गेले, आणि जवळच्या मित्राला मारायला निघालेल्या ब्रूटसला त्या उत्तराचा काही उपयोग नव्हता.

आपल्याकडे हाच धोका ऐतिहासिक पात्रांच्या बाबतीत येतो. 'घाशीराम कोतवाल' १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली आले, मोहन आगाशे नाना फडणवीस झाले. समजा, आज हे काम एखाद्या नटाकडे आले. तो वाईजवळच्या मेणवलीला जाऊन नानांचा वाडा पाहील, नानांनी लिहिलेले आत्मवृत्त वाचेल, पानिपतावरून जीव वाचवून आलेल्या, पुढे दीर्घकाळ पेशवाई सांभाळणाऱ्या सावध मुत्सद्द्याचे चित्र मनात बांधेल. तो नाना इतिहासातला. तेंडुलकरांनी हे नाटक इतिहासाचे नाही असे स्पष्ट केले होते, आणि तरीही नानांच्या चित्रणावरून वादळ उठले. १७९१ मध्ये पुण्यात जमावाने कोतवाल घाशीरामला दगडांनी ठार मारले ही घटना खरी, पण नाटक त्या घटनेचा आधार घेऊन सत्ता आपल्या हस्तकाला कशी वाढवते आणि काम झाल्यावर कशी फेकते हे दाखवते. या नानाचे सगळे बोलणे-चालणे लय-तालात आहे, ब्राह्मणांची मानवी भिंत क्षणात पडदा होते, क्षणात जमाव होते, आणि संगीत नाटकाचा श्वास चालवते. म्हणून इथे नटाने अभ्यास करायचा तो कोकणातल्या खेळ्यांच्या आणि दशावताराच्या रीतीचा, भास्कर चंदावरकरांच्या संगीताचा, कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या हालचालींच्या तर्काचा. नाना कुठल्या मात्रेवर वळतो हे कळले की तो सत्ताधीश वाटतो, आणि त्यासाठी मेणवलीला जावे लागत नाही. ज्याला जायचे त्याने खुशाल जावे, वाडा सुंदर आहे. पण परत आल्यावर त्या नानाला नाटकात आणू नये.

'अभ्यास केला की अभिनयातला जिवंतपणा जातो' हा आक्षेप अनुभवी रंगकर्मींकडूनही ऐकू येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निळू फुले यांच्यासारखे नट पुढे केले जातात. ते काही वह्या भरत बसले नाहीत, 'सखाराम बाइंडर'मधला सखाराम त्यांनी उपजत ताकदीने केला, असे म्हटले जाते. उपजत ताकद होतीच. पण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यांतून आलेल्या, पुण्यातल्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेल्या या माणसाने कष्टकरी माणसाचे बसणे, उठणे, बोलण्यातला दरारा आणि लाचारी दोन्ही वर्षानुवर्षे पाहिले होते. तो अभ्यासच होता, फक्त तो भूमिका मिळण्याच्या आधी झाला होता. ज्या नटाचे बालपण आणि तारुण्य शहरातल्या बंद दारांच्या इमारतीत गेले त्याला ती शिदोरी नाही, आणि त्याने निळूभाऊंचे नाव सांगून स्वतःचे काम टाळू नये. सखारामच्या भूमिकेत तर हातालाही शिकावे लागते. तो छापखान्यात बाइंडिंगचे काम करतो आणि मृदंग वाजवतो. मृदंगावर हात कसा पडतो हे बोटांना माहीत नसेल तर मित्र दाऊदबरोबरचे त्याचे सुखाचे क्षण खोटे पडतात, आणि हेच त्याच्या आयुष्यातले मोजके मोकळे क्षण आहेत.

या आक्षेपातला खरा अंश मात्र घ्यायला हवा. माहिती डोक्यात राहिली आणि अंगात उतरली नाही तर ती नटाला जड करते, हे स्तानिस्लावस्कींनाही कळले होते. सुरुवातीच्या काळात टेबलाभोवती बसून दीर्घकाळ संहितेची उकल करणाऱ्या या दिग्दर्शकाने १९३० च्या दशकात शारीरिक कृतींपासून सुरुवात करणारी पद्धत मांडली. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ते निवडक नटांबरोबर मोलिएरच्या 'तार्त्युफ'वर हाच प्रयोग करत होते. के. नारायण काळे यांच्या अनुवादातून त्यांचे विचार मराठीत आले, पण आपल्याकडे त्यांचा आधीचा भाग जास्त पोहोचला आणि हे नंतरचे वळण कमी. त्यातून घेण्यासारखे असे: वाचून, पाहून जे कळले त्याची त्याच दिवशी तालमीच्या जागेवर परीक्षा घ्या. कायद्याचे कलम सकाळी वाचले असेल तर संध्याकाळी पोंक्षेच्या एन्ट्रीचा प्रसंग करून बघा. काही बदलले तर ठेवा. दोन-तीन तालमींत काहीच बदलले नाही तर ती नोंद खोडून टाका, ती मिळवायला कितीही कष्ट पडले असले तरी. खोडणे अवघड जाते, पण गरजेचे आहे.

भावनिक स्मृतीचाही इथेच विचार करावा. स्वतःच्या आयुष्यातले दुःख आठवून रडू आणण्याची सवय एकांकिका स्पर्धांच्या काळात पुष्कळ नटांना लागते. स्पर्धेच्या एका प्रयोगाला ती कदाचित साथ देईल. पन्नासाव्या प्रयोगाला ती आठवण झिजलेली असते, आणि झिजली नसेल तर नटाला झिजवत असते. बेणारेच्या स्वगतात तिला रडायचे आहे असे तेंडुलकर कुठे सांगतात? तिला ऐकवायचे आहे, झोडपायचे आहे, समजावायचे आहे, एखाद्या वाक्याला मिस्कीलपणे चिडवायचेही आहे. प्रत्येक वाक्याने तिला समोरच्या कोणावर तरी परिणाम करायचा आहे, आणि समोरचे सगळे थिजलेले आहेत. एवढे पक्के केले की पाणी आले तर येईल, नाही आले तर काही बिघडत नाही. रात्री घरी जाऊन अभिनेत्री शांत झोपेल याची खात्रीही त्यात आहे. भूमिका अंगावर घेऊन दिवसभर वावरण्याचे कौतुक आपल्याकडे वाढते आहे. ते मला पटत नाही. प्रयोग संपला, मेकअप उतरला, की पात्राला रजा द्यावी. विशेषतः आत्महत्या किंवा अत्याचार असलेल्या भूमिकांत दिग्दर्शकाने ही जबाबदारी स्वतः घ्यावी.

जुन्या नटांच्या चित्रीकरणाचा प्रश्न हल्ली फार निकडीचा झाला आहे. 'नटसम्राट' १९७० मध्ये आले तेव्हा अप्पा बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी तेच पात्र आपापल्या प्रकृतीने उभे केले, म्हणजे नाटककार कुसुमाग्रजांनी लिहिलेल्या शब्दांत एकापेक्षा जास्त अप्पांना जागा होती. आज अप्पा करायला घेणारा नट मोबाइलवर मिळेल ते पाहून लागूंचे पॉझ, लागूंचा खर्ज, कधी चित्रपटातल्या नाना पाटेकरांची थरथर उचलतो. त्याने दुसऱ्याच्या अभ्यासाचे उत्तर घेतले आणि प्रश्न मागे सोडला. लागूंनी एखाद्या वाक्यापूर्वी थांबा घेतला तो का, हे न समजता तो थांबा घेतला तर तिथे फक्त शांतता पडते. माझा सल्ला असा की आपल्या चार पानांची वही भरून होईपर्यंत आणि सगळी तालीम एकदा पुस्तकाशिवाय उभी राहीपर्यंत जुना प्रयोग पाहू नये. त्यानंतर पाहावा आणि प्रत्येक ठिकाणी विचारावे, त्यांनी इथे कोणता प्रश्न सोडवला होता? तसा पाहिला तर जुना प्रयोग गुरूसारखा शिकवतो.

नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या हौशी नटाला एवढा वेळ कुठून मिळणार, हाही प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अभ्यास कमी करण्यात नाही, तो अरुंद करण्यात आहे. पहिला आठवडा फक्त संहिता आणि चार पाने. दुसऱ्या आठवड्यात, ज्यांची उत्तरे संहितेत नाहीत असे जास्तीत जास्त तीन प्रश्न निवडायचे आणि सुटीच्या दिवशी त्यांच्यामागे जायचे: एखादे ग्रंथालय, एखादी जुन्या वर्तमानपत्रांची फाइल, एखादी जाणकार व्यक्ती, एखादी दुपार कोर्टात. बाकीचे कुतूहल पुढच्या भूमिकेसाठी ठेवायचे. छोट्या भूमिकेलाही हीच रीत लागू आहे. रोकडेला वाक्ये थोडी आहेत, पण तो काशीकर दांपत्याच्या आश्रयाने राहतो. आश्रित माणूस मालकासमोर खुर्चीवर कसा बसतो, एवढा एकच प्रश्न घेऊन गेलेला नट पूर्ण नाटकभर जिवंत राहू शकतो.

नवी माहिती आत घेणे रंगीत तालमीच्या आठवडाभर आधी बंद करावे. शेवटच्या दिवसांत सापडलेली सुंदर गोष्ट नट लगेच दाखवू पाहतो आणि सहकलाकारांच्या बसलेल्या लयीला धक्का देतो. प्रयोग सुरू झाल्यावर वही बाजूला ठेवावी, पण फेकू नये. वीस-पंचवीस प्रयोगांनंतर एखाद्या वाक्याला प्रेक्षक पूर्वीसारखे ऐकत नाहीत असे जाणवू लागते, किंवा आपणच ते वाक्य ऐकेनासे होतो. तेव्हा वहीतले चौथे पान काढावे, त्या वाक्याच्या आसपास कोणता प्रश्न अनुत्तरित सोडला होता ते पाहावे, आणि पुढच्या प्रयोगाआधी त्या प्रसंगातल्या सहकलाकाराला दहा मिनिटे लवकर बोलवून तेवढाच प्रसंग पुन्हा उभा करावा.